पाहुण्यांच्या रकान्यातली लॉर्ना

खरं सांगा, तुमच्या दारावरच्या पाटीवर घरातल्या बाईचं नाव आहे का? आहे म्हणत असाल तर उठा आणि एकदा बघून या. मी थांबते. चाळीस वर्षं मी दारं ठोठावत, सह्या गोळा करत हिंडले आहे. पाट्या मला पाठ आहेत.

लॉर्ना सग्डनचं नाव निदान छापलं तरी गेलं. एका रेकॉर्डच्या कव्हरवर, मागच्या बाजूला. निळसर कव्हर, बंद दुकानाच्या काचेचा फोटो आणि बँडचं नाव 'अर्ली क्लोजिंग'. इंग्लंडच्या उत्तरेतल्या आमच्या ऑक्सनरॉइड गावात मंगळवारी दुपारी एकनंतर दुकानं बंद व्हायची आणि दारादारांत ही दोन शब्दांची पाटी लटकायची. पोरांनी तीच उचलली. मागे तीन नावं ठळक अक्षरांत: गाणारा क्लाइव्ह होलरॉइड आणि त्याचे दोन मित्र. मग रिकामी जागा. मग मुंगीएवढ्या अक्षरांत: 'पाहुणी: एल. सग्डन, ड्रम.'

त्या रेकॉर्डवर अकरा गाणी आहेत. अकराच्या अकरा गाण्यांत ड्रम लॉर्नाचे आहेत. आणि म्हणे पाहुणी!

ती ओळ तिथे कशी आली हे मला माहीत आहे, कारण ती लिहिली गेली तेव्हा मी त्या खोलीत होते. लॉर्ना आणि मी टॉफीच्या कारखान्यात एकाच पट्ट्यावर कागद गुंडाळायचो. ती डाव्या हाताला, मी उजव्या. तिचे हात कधी गप्प नसत. दोन टॉफींच्या मध्ये जेवढी फट, तेवढ्यात ती पट्ट्याच्या कडेवर बोटांनी काहीतरी वाजवून घ्यायची. मुकादम ओरडला की म्हणायची, "बोटं माझी आहेत, पट्टा तुमचा."

बँडला जागा मिळाली ती खालच्या आळीच्या कामगार क्लबात. लॉर्नाचा बाप आर्नल्ड लोकरीच्या गिरणीत होता आणि क्लबाचा जुना मेंबर. लॉर्ना मेंबर नव्हती, कारण बाईला तिथे मेंबर होताच येत नसे. बाई यायची ती कुणाची तरी बायको म्हणून, कुणाची तरी मुलगी म्हणून. दाराशी एक जाड वही असायची. मेंबर पुरुषानं पाहुण्यांच्या रकान्यात तिचं नाव लिहायचं, शेजारी आपली सही करायची, मग तिनं आत पाऊल टाकायचं. वहीमागे स्टॅन बिनक्लिफ बसायचा. क्लबातले गाण्याबजावण्याचे कार्यक्रम ठरवणारा सचिव तोच, माइक हातात घेऊन "शांतता पाळा!" म्हणून खेकसणारा तोच. सगळं गाव त्याला स्टॅनकाका म्हणायचं.

"आर्नल्ड, पोरगी आत येत्येय ना? मग लिही."

"गेल्या मंगळवारी लिहिलं की रे."

"गेला मंगळवार गेला. आज परत पाहुणी."

"अरे, हिचे ड्रम रात्रंदिवस तुझ्या कोठीत पडलेत. ते राहतात फुकट आणि ही पाहुणी?"

"ड्रम बाईमाणूस नाहीत, आर्नल्ड. लिही."

चार वर्षं, दर मंगळवारी, बापानं लेकीचं नाव त्या रकान्यात लिहिलं. झोकदार अक्षरात लिहायचा बिचारा.

आता दिव्याचं सांगते, कारण दिवा नसता तर हा बँडही नसता. शेजाऱ्यांच्या तक्रारींवरून नगरपालिकेनं क्लबाच्या भिंतीवर एक पेटी बसवली होती. तिच्यावर तीन दिवे. आवाज बेताचा असला की हिरवा, वाढला की पिवळा आणि लाल पेटून चार-पाच सेकंद राहिला की स्टेजची वीज गुल. पेटीला शिशाचं सील. हात लावाल तर क्लबाचा परवाना जाईल. आता गंमत बघा. गिटारला वीज लागते, ड्रमला लागत नाही. पण लाल दिवा पेटवतो तो ड्रम. म्हणजे वीज जायची क्लाइव्हची आणि शिव्या खायची लॉर्ना. त्यातून आकड्यांच्या खेळाचं, म्हणजे हाउजीचं, यंत्रही त्याच तारेवर. एकदा सरावात लाल पेटला आणि शेजारच्या खोलीत म्हाताऱ्यांचा खेळ अंधारात बुडाला. मिसेस ओल्डरॉइड काठी आपटत आत आल्या.

"माझा एकच आकडा राहिला होता गं भवाने! तुझ्या ढोलाला वाळवी लागो!"

"सॉरी, मिसेस ओल्डरॉइड."

"सॉरी काय चाटायचंय? नवरा कर एखादा, त्याला बडव!"

क्लाइव्हही चिडायचा. "अगं, हातोडा मारत्येस का? पिवळ्यावर थांब ना, पिवळ्यावर!"

"मी ड्रम वाजवते क्लाइव्ह, चौकातला सिग्नल नाही चालवत."

पण घरी जाऊन ती विचार करत बसली. काठ्या टाकून दिल्या. आईच्या विणायच्या लाकडी सुया घेतल्या, सात इकडे, सात तिकडे, लोकरीच्या धाग्यानं घट्ट बांधल्या. ड्रमवर बशा पुसायचं फडकं टाकलं. आणि नजर दिव्यावर ठेवून वाजवायला शिकली. हिरव्यावरून पिवळ्यावर जायचं, पिवळ्याच्या टोकाशी जाऊन उभं राहायचं आणि लाल पेटणार असं वाटताच हात उचलायचा. तो उचललेला हात म्हणजे त्या बँडचा आवाज. ठोका पडणार म्हणून छाती तयार होते आणि ठोका पडतच नाही. पावसाळी कोट घातलेलं कुणीतरी जिन्यातून सावकाश उतरतंय आणि शेवटच्या पायरीवर थांबलंय, तसं वाटायचं. ड्रम उतरले म्हणून क्लाइव्हला गळा उतरवावा लागला. आधी तो बोकडासारखा ओरडायचा. आता पुटपुटायला लागला आणि पुटपुटण्यात त्याचा खरा आवाज सापडला. हे त्यानं कधी कबूल केलं नाही. मी करते.

शहाऐंशी साली लीड्सहून एक लहानशा कंपनीचा माणूस आला, यंत्रं घेऊन. दोन मंगळवार दुपारी क्लबाच्याच खोलीत रेकॉर्डिंग झालं. पेटी चालू, सील जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी कंपनीचा फॉर्म भरायचा होता. अक्षर चांगलं म्हणून पेन स्टॅनकाकाच्या हातात. वर 'बँडचे सदस्य', खाली 'इतर'. त्यानं वर तीन नावं लिहिली. मग पेन खाली नेलं आणि सवयीनं, अगदी सवयीनं, लिहिलं: पाहुणी, एल. सग्डन.

"स्टॅनकाका, मी बँडमध्ये आहे."

"आहेसच की गं. नाही कोण म्हणतंय?"

"मग वर लिहा."

"वर मेंबर असतात पोरी. बाई कधी मेंबर असते का? तीस वर्षं वही लिहितोय मी."

सगळे हसले. क्लाइव्ह तर टेबलावर डोकं ठेवून हसला. "राहू दे, राहू दे, भारी आहे! तसंच छापू या." लॉर्नाही हसली. आणि हे मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर बाकीचं लिहायचा मला अधिकार नाही: मीही हसले. त्या वेळी कारखान्यात बायकांच्या पगारासाठी भांडत होते मी, दर आठवड्याला साहेबाच्या टेबलावर मूठ आपटत होते. आणि डोळ्यांसमोर ते पेन चाललं तेव्हा ही-ही करत उभी राहिले.

रेकॉर्ड गाजली. लंडनच्या मोठ्या कंपनीनं बोलावलं. लॉर्नानं टॉफीचा पट्टा सोडला, तेव्हा आम्ही तिला वर्गणी काढून लाल मफलर दिला. दुसऱ्या रेकॉर्डला तिकडच्या साहेबानं स्टुडिओच्या काचेपलीकडून तिला विचारलं, "तू अशी चोरपावलांनी का वाजवतेस? इथे कुणाची झोपमोड होत नाही." सुया काढून घेतल्या, काठ्या दिल्या. कानांवर हेडफोन चढवले आणि त्यांत टिक-टिक-टिक, घड्याळासारखी, कारण ठोका यंत्राच्या मापात हवा होता. काठ्यांच्या आवाजात ती टिकटिक ऐकू यावी म्हणून ती मोठी केली. आणखी मोठी केली. सात आठवडे, रोज दहा तास. ती मला फोन करायची तेव्हा म्हणायची, "कानात कुणीतरी किटली ठेवल्यासारखं होतंय गं. शिट्टी थांबतच नाही."

"डॉक्टरला दाखव."

"रेकॉर्ड झाली की दाखवते."

ती रेकॉर्ड पहिलीपेक्षा जास्त खपली. मैदानांत वाजण्यासारखी, धडाधड. तिसरी आली तेव्हा सगळीकडे नाचाची हवा होती. क्लाइव्हनं ड्रमचं यंत्रच आणलं. लॉर्ना कोपऱ्यात उभी राहून खंजिरी हलवायची, देवळातल्या म्हातारीसारखी. मग एका दुपारी, मोठ्या रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी गाडी थांबवून क्लाइव्हनं तिला सांगितलं. तिनं मला सांगितलं ते असं:

"तो म्हणाला, आवाज पुढे गेलाय, लॉर्ना. मी म्हटलं, मी पण येते ना पुढे. तर चमचा ढवळत राहिला. म्हणाला, वकील म्हणतात काही अडचण नाही, तू कागदावर कधी मेंबर नव्हतीसच."

"आणि तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, चहा गार होतोय तुझा."

मी असते तर तो चहा त्याच्या डोक्यावर ओतला असता. पण लॉर्ना म्हणजे लॉर्ना. हात उचलून घेणारी.

ती परत आली आणि प्राथमिक शाळेत मुलांना जेवण वाढायला लागली. लग्न केलं नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी दोन्ही कानांत ऐकायची यंत्रं आली. मुलं तिला फसवायची, नुसते ओठ हलवून कस्टर्ड मागायची. ती ओळखायची आणि मुद्दाम कोबी वाढायची. इकडे बँड चालूच. चौथी रेकॉर्ड करवतीसारख्या गिटारींची, पाचवीत व्हायोलिनवाल्यांचा तांडा आणि मग केस पांढरे झाल्यावर क्लाइव्हनं हळू वाजवायला सुरुवात केली. पेपरवाल्यांनी लिहिलं, होलरॉइडनं शांततेचा शोध लावला. शोध लावला! मी तो पेपर मासळी गुंडाळायला देऊन टाकला.

दोन हजार सात साली कामगार क्लबांनी बायकांना मेंबर करून घ्यायचं ठरवलं. आमच्या बायकांच्या गटानं त्यासाठी किती वर्षं बोंब मारली ते जाऊ द्या. आर्नल्ड तेव्हा हयात नव्हता. स्टॅनकाका होता, चाकांच्या खुर्चीत. लॉर्नाचं कार्ड त्यानं हट्टानं स्वतःच्या हातानं लिहिलं, हात कापत होता म्हणून तीन कार्डं फुकट गेली. मग म्हणाला, "पोरी, त्या दिवशी पेन वर न्यायला हवं होतं मी."

तिला ऐकू गेलं नाही. "काय म्हणालात?"

त्यानं मान हलवली. "काही नाही. अभिनंदन म्हटलं."

मग आलं दोन हजार सोळा. पहिल्या रेकॉर्डला तीस वर्षं झाली म्हणून ती नव्यानं निघणार, नवं कव्हर, वर सजवलेलं मोठं खोकं, असं जाहीर झालं. लॉर्ना त्या दिवशी माझ्याकडे आली. आयुष्यात तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं, मीच तिच्यासाठी न मागता भांडायचे.

"मला ती ओळ काढून हवी आहे," ती म्हणाली. "बाकी काही नको. वर चार नावं हवीत."

"चल," मी म्हटलं.

क्लाइव्हचं घर डोंगराकडे, दगडी, पुढे मेंढ्या. त्यानं दार उघडलं आणि लॉर्नाला बघून त्याचा चेहरा खरोखर फुलला. ते खोटं नव्हतं. माणूस वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"लॉर्न! किती वर्षांनी! आत ये, आत ये. आणि ही तोफ पण आणलीस का बरोबर?"

"तोफ भरलेली आहे," मी म्हटलं. "जपून बोल."

लॉर्नानं त्याच्या ओठांकडे बघत सगळं सांगितलं. बहिरी माणसं बोलतात तशी, जरा मोठ्यानं. तो ऐकत राहिला. मग डोळे पुसले.

"तो विनोद होता गं आमचा."

"तीस वर्षं चाललाय," ती म्हणाली. "आता पुरे."

"चार नावं. शब्द देतो. तुझं पहिलं टाकू?"

"पहिलं नको. मध्ये कुठेतरी. सगळ्यांच्यात."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि मांडीवर बोटांनी वाजवत राहिली, पार घर येईपर्यंत. कारखाना सुटल्यापासून एवढा वेळ सलग वाजवताना तिला मी बघितलं नव्हतं.

त्यानं शब्द पाळला. नोव्हेंबरात खोकं आलं. मागे चार नावं, एकाच जाडीची. दुसऱ्या क्रमांकाला: लॉर्ना सग्डन, ड्रम. आद्याक्षर नाही, पूर्ण नाव. तिनं त्यावरून अंगठा फिरवला, परत फिरवला. "बाबांना दाखवायला हवं होतं," एवढंच म्हणाली. मी पार्किन केक कापला, चहा ओतला. भांडून मिळालेल्या गोष्टीची चव मला ठाऊक आहे. त्या दुपारी ती होती, साधारण दहा मिनिटं.

मग ती म्हणाली, "लाव ना."

रेकॉर्ड ऐकायची तिची रीत ठरलेली होती. यंत्रं काढून ठेवायची, जमिनीवर बसायचं आणि स्पीकरच्या जाळीवर तळहात टेकायचा. जुनी रेकॉर्ड ती गेली चार वर्षं अशीच ऐकत होती. तिचे ड्रम हाताला जवळजवळ लागतच नसत, फुंकर मारल्याइतकं काहीतरी. ती ठोके मोजत नसे, ठोक्यांमधली जागा मोजायची.

मी सुई टेकवली. पहिलं गाणं सुरू झालं आणि मला लगेच कळलं. दण. दण. दण. साफ, भक्कम, नव्या पैशासारखे चकचकीत ठोके. जिना नाही, कोट नाही, थांबणं नाही. क्लाइव्हचं पुटपुटणं तेच, जुनं, आणि त्याच्याखाली कुणीतरी भिंत बांधत होतं. माझा चेहरा ती वाचेल म्हणून मी तोंड फिरवलं. मला वाटलं होतं, तिला कळणार नाही. नाव मिळालंय, तेवढं तरी तिच्याकडे राहू दे.

तिनं हात जाळीवरून काढला. तळव्याकडे बघितलं. पुन्हा टेकवला. दुसरं गाणंही तसंच जाऊ दिलं.

"ही मी नाही," ती म्हणाली.

मी बशीतला केकचा चुरा बोटानं गोळा करत राहिले.

"ही मी नाही गं. हे हाताला मारतंय." मग माझ्याकडे वळली. "तुला ऐकू येतंय ना? मग सांग. मी आहे का कुठे? कुठेतरी मागे?"

आयुष्यभर मी साहेबांना, नगरसेवकांना, पोलिसांना तोंडावर खरं सुनावलं. त्या दिवशी खरं बोलताना माझे ओठ एवढे जड झाले होते की ते तिला वाचता येतात की नाही, तेच कळेना. "नाहीस," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. कव्हर नीट खोक्यात सरकवलं आणि चहाचे कप उचलून धुवायला गेली. नळ पूर्ण सोडला होता. नळाचा आवाज तिला येत नव्हता, मला येत होता. त्यापलीकडचं काही मला ऐकू येऊ नये, म्हणून सोडला असावा.

मी क्लाइव्हला फोन लावला. तो गांगरला. म्हणाला, जुन्या फितींवरचे ड्रम दबलेले होते, आजच्या कानांना ठोका लागतो, एका चांगल्या पोराकडून ड्रम तेवढे नव्यानं वाजवून घेतले, सगळेच करतात. "आणि तिचं नाव तर टाकलं ना? तिनं तेच मागितलं होतं."

"तिला विचारलंस?"

मग अगदी हळू, बिचारेपणानं म्हणाला, "मला वाटलं, तिला काय ऐकू येणार आहे."

मी फोन ठेवला. शिवी दिली नाही. मला सापडलीच नाही, एवढ्या शिव्या येऊनही.

त्यानंतर लॉर्नाची बोटं थांबली. शाळेत, बसमध्ये, माझ्या टेबलावर, कुठेही वाजत नाहीत. ती बरी आहे, विचारलंत तर बरी आहे असंच सांगेल. क्लबात जाते, कार्ड दाखवून आत जाते. कंपनीनं जुनं रेकॉर्डिंग सगळीकडून काढून घेतलं. फोनवर, संगणकावर कुठेही ते गाणं लावा, ती भिंतच ऐकू येते आणि शेजारी तिचं नाव झळकतं. जिथे नाव चुकीचं आहे तिथे ती वाजवते आहे, आणि जिथे नाव बरोबर आहे तिथे ती नाही. मी सह्या गोळा करून बघितल्या, पत्रं लिहिली, कंपनीच्या दारात फलक घेऊन उभी राहिले. दरवाजावरच्या पोरानं चहा आणून दिला, एवढंच.

आता उरलं ते लोकांच्या घरांत. शहाऐंशी साली ती रेकॉर्ड हातोहात गेली, कुठून कुठे पोचली देव जाणे. मला बर्लिनहून पत्र आलंय, नैरोबीहून आलंय, एक पुण्याच्या जुन्या बाजारातूनही आलंय. म्हणून तुम्हाला सांगते. निळसर कव्हर, बंद दुकान, मागे मुंगीएवढ्या अक्षरांतली ती लाजिरवाणी ओळ. सापडली तर नवी घेऊन ही टाकू नका. पुसा, लावा, सुई टेकवा. आणि हात जोडते, आवाज वाढवू नका. जवळ येऊन बसा.